तीन पट्ट्या

माझ्या माहेरी, असळजच्या वरच्या अंगाला,
भात पेरत नाहीत, लावतात.
तरवा उपटायचा, मुळं पाण्यात आपटून धुवायची,
पेंढी वळून चिखलात फेकायची,
मग वाकायचं ते दिवस मावळेपर्यंत.
पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस,
आणि नजरेसमोर फक्त शेजारणीचे हात.

इथं गारगोटीकडं आले
तर रोहिणीच्या उन्हात मामंजी कुरी धरून उभे.
आभाळात ढग नव्हता,
आणि हा माणूस फुफाट्यात बी सोडत होता,
पाव्हणा यायच्या आधी ताट वाढून ठेवावं तसा.
मी म्हणाले, रोप कुठाय?
जाऊ हसली. "हितं रोप नसतंय बाई. हितं गवात असतंय."

ते आषाढात कळलं.
दोन ओळींच्या मधनं कोळपं फिरतं, खरं आहे.
पण ओळीतच, भाताला चिकटून,
भातासारखंच तोंड करून जे उगवतं
ते खुरप्यानंच काढायचं, बसून, सरकत सरकत.
माहेरी कंबर जायची, इथं गुडघे.
अकरा वर्षांत मी दोन्ही दिले.

लोक म्हणतात लेक म्हणजे तरवा,
एका वाफ्यातनं उपटून दुसऱ्यात.
म्हणणाऱ्यांनी लावण केलेली नसते.
तरवा पिवळा पडतो तो आठ दिवस.
मला इथली आमटी जमायला
चार वर्षं लागली.

औंदा विलासभावजींनी हट्ट धरला, एकदा बघूयाच.
वरची पट्टी कुरीची, मधली मशीनची,
खालची, ओढ्याकाठची, "वहिनी, तुमची."

मशीन टेम्पोतनं आलं.
त्याचा तरवा ट्रेमधला, चटईसारखा गुंडाळलेला,
वितीएवढासुद्धा नाही.
सरळ गेलं, अगदी सरळ,
आणि बांधाशी आलं की वळायला जागा मागायला लागलं.
आमच्या डोंगरउतारावर एक पट्टी चौकोनी असेल तर शपथ.
प्रत्येक वळणाला एक कोपरा उघडा राहिला.
चालवणारा पोरगा म्हणाला,
"तेवढं हातानं लावून घ्या."

वरच्या पट्टीत एक सर येऊन गेली,
मग बारा दिवस कोरडे.
अर्धं उगवलं, थोडं मुंग्यांनी नेलं, थोडं मोरांनी.
ओळीत हात हातभर तुटाळ.
दाट जागेतलं उपटायचं, विरळ जागेत खोचायचं.
तेवढंही हातानं.

भावजींनी वहीत रकाने आखले होते.
कुरी: पेरा दोन तासांत. भांगलणी तीन.
मशीन: एक सकाळ. भाडं, डिझेल, चहा.
हाताची लावण: सात बायका, दीड दिवस,
पैऱ्यानं. म्हणून मजुरी शून्य.
मी म्हणाले, भावजी, पैरा म्हणजे शून्य न्हवं.
पैरा म्हणजे मी अजून सहा शेतांत वाकणार.
त्यांनी शून्य खोडलं.
बराच वेळ पेन्सिल धरून बसले,
मग तिथं एक फुली मारली.

कुरीचं भात दहा दिवस आधी पिकलं.
त्या दिवशी मामंजी बांधावर
जरा जास्तच वेळ उभे राहिले.
मधल्या पट्टीनं त्याच्यावर दोन पोती चढवली.
खालचीनं मधलीवर अजून एक.
"ओढ्याचा गाळ हाय त्यो," भावजी म्हणाले,
आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.
मोजून झालं,
आणि सगळं एकाच कणगीत ओतलं.

नव्या तांदळाचा पहिला भात
मामंजींच्या ताटात वाढला.
त्यांनी घास घेतला, थांबले.
"कुठल्या पट्टीचा गं ह्यो?"

आता ते कुणाला सांगता येणार होतं?
मी म्हणाले, "कोपऱ्यातला."

त्यांनी सावकाश चावलं,
मान हलवली.
"वाटलंच मला."